दर्शक आणि दर्शित : मोठ्या फायलींच्या जुन्या आवृत्त्यांचा प्रश्न

कोणत्याही लेखनाची प्रत्येक पूर्वावस्था जशीच्या तशी पुन्हा उपलब्ध करून देणे, हे आवृत्ती-नियंत्रणाचे मूळ वचन होय. २००५ साली लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी निर्मिलेल्या ‘गिट’ने ते निष्ठेने पाळले, भांडाराची पूर्ण नक्कल घेणाऱ्या प्रत्येकाच्या हाती समग्र इतिहास येतो. समान आवृत्त्यांतील केवळ फरक साठविण्याची तिची युक्ती मजकुराच्या बाबतीत फलदायी ठरते. परंतु आधीच संक्षेपित केलेल्या चित्रांत वा ध्वनिमुद्रणांत अल्पशा बदलानेही बहुतेक साठा पालटू शकतो. मग १०० मेगाबाइटांच्या फायलीच्या दहा आवृत्त्यांचे जवळजवळ एक गिगाबाइट ओझे प्रत्येकाच्या माथी येते.

गिटहबने २०१५ साली जाहीर केलेल्या ‘गिट एलएफएस’चा तोडगा चतुर आहे. इतिहासात तीन ओळींची दर्शक फाईल तेवढी राहते. तीत स्वरूपाची खूण, मूळ फायलीची ‘शा-२५६’ मुद्रा आणि आकार यांची नोंद असते. प्रत्यक्ष फाईल सर्व्हरवर असते व हवी ती आवृत्तीच उतरविली जाते. ‘प्रून’ ही आज्ञा संगणकावरील जुन्या प्रती काढून टाकते. सर्व्हरवर न पोहोचलेल्या प्रतींना मात्र ती हात लावीत नाही.

या सोयीचे मोल मान्य करूनही एक आक्षेप उरतोच. मुद्रेवरून फायलीची ओळख पटविता येते; हरपलेली फाईल परत आणता येत नाही. सर्व्हरवरील साठा नष्ट झाला, तर इतिहास अखंड दिसतो आणि आतून पोकळ असतो. भांडाराची नेहमीची नक्कलही दर्शकांचीच नक्कल ठरते. शिवाय ‘प्रून’चा निकष नवेजुनेपणाचा आहे, महत्त्वाचा नव्हे. ज्या जुन्या मापन-फायलीवर प्रबंधाचा निष्कर्ष उभा आहे, ती आणि एखादा टाकाऊ खर्डा या दोहोंना तो एकाच मापाने मोजतो. सर्व्हरवर प्रत असल्याची पडताळणीही मागितल्यावाचून होत नाही.

दोष साधनाचा थोडा, त्यावर विसंबणाऱ्याचा अधिक. कोणती आवृत्ती राखावयाची, हा संपादकीय निर्णय आहे. तो यंत्राच्या दिनदर्शिकेवर सोपविणे योग्य नव्हे. प्रकाशित निष्कर्षांच्या आधारभूत आवृत्त्यांवर नावाची खूण करावी, सर्व फायली मागवून त्यांची स्वतंत्र प्रत अन्यत्र ठेवावी आणि पडताळणीनंतरच छाटणी करावी. एवढे न केल्यास पुढील अभ्यासकाच्या हाती पुरावा न येता पुराव्याचा पत्ताच येईल.