मोजून आणलेली विमाने

मुंबईत ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झालेल्या ‘विराट’ या विमानवाहू नौकेचे पहिले नाव ‘हर्मिस’. १९८२च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती. तिच्यावर असलेले बीबीसीचे वार्ताहर ब्रायन हॅनरहन यांचे एक वाक्य युद्धवार्तांकनाचा आदर्श म्हणून आजही सांगितले जाते.

१ मे रोजी हर्मिसवरच्या सी हॅरिअर विमानांनी पोर्ट स्टॅन्ली आणि गूज ग्रीनच्या धावपट्ट्यांवर बॉम्बहल्ला केला. किती विमाने गेली हे सांगायला मनाई होती. हॅनरहन यांनी आकडा दिला नाही. जाताना सगळी मोजली आणि परतताना सगळी मोजली, एवढेच ते म्हणाले. अर्जेंटिना विमाने पाडल्याचे सांगत असताना नौदलाच्या पत्रकापेक्षा या वाक्याला वजन आले, कारण मोजणारा माणूस स्वतः साक्ष देत होता. चित्रफिती लंडनला बोटीने जात, त्यांना कधी तीन-तीन आठवडे लागत. म्हणजे चित्राचे कामही शब्दांनीच करायचे होते.

या वाक्याचे कौतुक सेन्सॉरला दिलेली हुलकावणी म्हणून होते. मला ते पटत नाही. सेन्सॉरलाही हेच हवे होते! ‘आपली माणसे परतली का?’ या घरच्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. बॉम्ब पडले तिथे काय झाले, हे डेकवरून दिसणारच नव्हते. ताफ्याबरोबरचे सारे पत्रकार ब्रिटिश; अन्न, बिछाना आणि लंडनशी बोलायची सोय, तिन्ही नौदलाच्या हातात.

तीनच दिवसांनी ‘शेफील्ड’वर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले, २० जण गेले. ती बातमी देशाला दिली संरक्षण मंत्रालयाचे प्रवक्ते इयन मॅक्डोनल्ड यांनी, लंडनमधून, संथ सरकारी आवाजात. चांगली बातमी वार्ताहराची, वाईट बातमी मंत्रालयाची, अशी ही वाटणी. त्यात हॅनरहन यांचा दोष नाही. दिसले तेवढेच त्यांनी सांगितले, फुगवून काही सांगितले नाही, आणि हे थोडे नव्हे. दोष आहे तो त्या वाक्याला संपूर्ण वार्तांकन मानणाऱ्यांचा.

पुढे त्यांनी तिआनमेन पाहिले, बर्लिनची भिंत पडताना पाहिली. डिसेंबर २०१०मध्ये, एकसष्टाव्या वर्षी ते गेले, तेव्हा मृत्युलेखांत सर्वांत आधी आली ती मोजलेली विमानेच.