कीर्तनाकडून पडद्याकडे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत बाबा कंबलपोष यांचा उरूस भरला की दर्ग्यावर हिंदूही जातात, मुसलमानही. श्रद्धेचा विषय इथे चहाच्या टपरीवर सहज निघतो, त्यासाठी सभा बोलवावी लागत नाही. अशा गावात येशूविषयी बोलणे काढायचे तर कोणत्या कलेचा हात धरून? मराठी ख्रिस्ती समाजाने याचे उत्तर एकेकाळी फार सुंदर दिले होते. आज ती कला खालावली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्याही एका इंग्रज जेझुइटाच्या. पुराण ऐकत वाढलेल्या माणसाला पुराणच हवे असते, हे त्यांनी ओळखले. पुढे अहमदनगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करू लागले, आणि कवी ना. वा. टिळकांनी त्या परंपरेला अभंगाची गोडी दिली. पूर्वरंगात निरूपण, मध्ये पद, उत्तररंगात उधळ्या पुत्राचे आख्यान. बाप जिवंत असताना वाटणी मागणारा धाकटा पोरगा कोणत्या गावात नसतो? त्यामुळे आख्यान संपले तरी लोक उठत नसत. सगळे उधळून परतलेल्या त्या पोराला बापाने पुन्हा घरात घेतले ते बरोबर की चूक, यावर बोलत बसत. कीर्तनाचे खरे यश मला या बोलण्यात दिसते.

टिळक स्वतःही अशाच बोलण्यातून ख्रिस्ताकडे वळले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटला. आधी संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, मग धर्मावर, आणि शेवटी त्याने ‘नवा करार’ हातात ठेवला. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. कवितेने दार उघडले नसते तर ते पुस्तक उघडले गेले असते का, मला शंका आहे.

मग सिनेमा आला. 1978 चा तेलुगू ‘करुणामयुडु’ हिंदीत ‘दयासागर’ झाला आणि ख्रिस्ती मंडळ्यांनी तो गावोगावी पडदे लावून दाखवला. अभिनेते विजयचंदर यांनी येशूला भारतीय चेहरा दिला, हे मोठेच काम. पण पडदा उतरतो न उतरतो तोच कुणीतरी माइक हातात घेतो आणि पाहणाऱ्याच्या मनात उठलेला प्रश्न तिथेच दाबला जातो. धर्मांतराच्या संशयाने वातावरण तापलेले असताना ही घाई आणखी महाग पडते. आणि आताची की-बोर्डवरची, मोबाइलवर फिरणारी हिंदी भक्तिगीते? गळे चांगले आहेत, पण एकाच ओळीची दहादा आवर्तने होतात आणि गोष्ट कुठेच नसते. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली टिळकांची पदे ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी एवढ्यावर समाधान मानावे याचे मला दुःख होते.

गोष्ट सांगून लोकांना बोलते करणे यवतमाळ जिल्ह्याला तर जमायला हवे होते. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून यवतमाळातच होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. तुकडोजी महाराजांची खंजिरी विदर्भाच्या कानात अजून वाजते आहे. वऱ्हाडी बोली आहे, भजनी मंडळे आहेत.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट घ्या. पहाटे आलेल्या मजुराला ठरलेली दिवसाची मजुरी मिळते आणि दिवस मावळताना आलेल्यालाही तेवढीच. ही गोष्ट कापसाच्या वावरात नेऊन खंजिरीवर वऱ्हाडीत सांगितली, तर किलोवर वेचणी करणाऱ्या बाया ती मुकाट्याने ऐकून घेणार नाहीत. सकाळपासून कंबर मोडली तिचे काय, असे पहिलीच विचारील. दुसरी म्हणेल, उशिरा आलेलीच्या घरीही चूल पेटायची असते. मालकाला दोष देणाऱ्याही निघतील. सांगणाऱ्याने तेव्हा घाईने उत्तर देऊ नये, त्यांच्यात बसून ऐकावे.