प्राध्यापक आंबेडकरांचा रुपया

१४ एप्रिल जवळ आला की परदेशातल्या आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक वाक्य हमखास फिरते: रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावरून उभी राहिली. तुम्हीही ते पुढे पाठवले असेल. पण ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा १९२३चा ग्रंथ प्रत्यक्ष वाचलात, तर त्यात या वाक्याहून वेगळेच काही सापडेल.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची कारकीर्द छोटी. कोलंबियात शिकून आल्यावर १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अध्यापन, मग पुन्हा लंडन आणि १९२३मध्ये डीएस्सी. पण १९१८चा शेतीवरचा निबंधच पाहा. तुकडे जोडा, जमीन मोठी करा, असे तेव्हा सगळे सांगत होते. आंबेडकरांनी विचारले, मोठी म्हणजे किती? औतफाटा, बैल, भांडवल नसेल तर मोठे शेतही तोट्याचेच. खरे दुखणे म्हणजे शेतीवर विसंबलेले जादा हात. त्यांना उद्योगधंद्यांत काम द्या. आर्थर लुईस यांचा अतिरिक्त श्रमाचा प्रसिद्ध सिद्धांत आला १९५४मध्ये.

आता रुपया. १८९३मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. म्हणजे चांदी नेऊन रुपये पाडून घेण्याची सोय गेली. रुपये किती पाडायचे हे सरकारच ठरवू लागले. पुढे रुपयाचा भाव सोन्याशी बांधला गेला आणि १९१३च्या पुस्तकात केन्स यांनी या व्यवस्थेची तरफदारी केली. आंबेडकरांचा आक्षेप साधा होता: रुपये पाडण्याला मर्यादाच नाही. सरकारने भरमसाठ रुपये पाडले की भाव चढतात, मजुरी मागे राहते. रुपया स्वस्त झाल्यावर निर्यातदाराला होणारा फायदा मजुराच्या खिशातून जातो. डॉलर वधारला की घरी पैसे पाठवायला सरसावणाऱ्या आपण सर्वांनी हे प्रकरण एकदा तरी वाचावे.

त्यांचा उपाय मात्र मला पटत नाही. टांकसाळी सरकारलाही बंद करा आणि सोन्याचे नाणे चालवा, असे ते सांगतात. ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनीही आपले मतभेद तिथेच नोंदवले आहेत. सुगीच्या दिवसांत बाजाराला जास्त पैसा लागतो. चलन ताठर असेल तर तो कुठून येणार? १९२९च्या मंदीनंतर, १९३१मध्ये, खुद्द ब्रिटनला सोने सोडावे लागले.

मग रिझर्व्ह बँकेचे काय? १९२५मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५मध्ये बँक सुरू झाली, हे खरे. पण चलन कोणाच्याही मर्जीवर सोडू नका, असे बजावणाऱ्या माणसाला चलन सांभाळणाऱ्या संस्थेचा जनक म्हणणे म्हणजे त्याचा मुद्दाच पुसून टाकणे. तो मुद्दा रिझर्व्ह बँकेलाही लागू पडतो: रुपयाचे मोल ठरवताना ज्याच्या मजुरीवर परिणाम होतो, त्याचे कोण ऐकते?

यंदा ते वाक्य पुढे पाठवण्याआधी ग्रंथाची निदान शेवटची दोन प्रकरणे वाचा. भाषा कोर्टातल्या युक्तिवादासारखी आहे, त्यामुळे कंटाळा येणार नाही. उपाय पटला नाही तरी चालेल. प्रश्न मात्र चुकवू नका.