धम्मकलाडूचं डच काय?

गेल्या हिवाळ्यात मुलीच्या शाळेत पालकभेटीला गेलो होतो. इकडे हूफडॉर्पला ही भेट मोजून दहा मिनिटांची असते. वाचन बरं आहे, गणित उत्तम आहे, वर्गात फार बोलते, असं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. शेवटची दोन मिनिटं उरली असताना बाईंनी वहीत पाहून विचारलं, "ती सांगत होती, भारतातली आजी आली की तिला एक मारायचा गोड लाडू देते. हे नक्की काय असतं?"

मी आधी हसलो. बाई हसल्या नाहीत. रागावल्याही नव्हत्या, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मग मी माझ्या मोडक्या डचमध्ये धम्मकलाडू समजावून सांगू लागलो. लाडू म्हणजे गोड गोळा, धम्मक हा पाठीत बसणाऱ्या गुद्द्याचा आवाज, आणि दोन्ही मिळून होते ती आजीची थट्टा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "म्हणजे या शब्दात मारतात, की मारत नाहीत?"

दहा मिनिटं संपली. प्रश्न मात्र मी घरी घेऊन आलो. भाषांतराबद्दल इतका नेमका प्रश्न मला अजून कोणी विचारलेला नाही.

मारण्याच्या बोली शब्दांचं भाषांतर करताना आपण सहसा एकच गोष्ट मोजतो, ती म्हणजे जोर. टपली हलकी, चापट जरा वरची, धपाटा त्याच्या वर, मग रट्टा, मग ठोसा. इंग्रजीतही टॅप, स्मॅक, वॅक, वॉलप अशी शिडी आहे. दोन शिड्या शेजारी ठेवायच्या आणि पायरीला पायरी जुळवायची, शब्दकोशांची रीत साधारण अशीच असते. पण मराठीत जोरापेक्षा जागा महत्त्वाची आहे. टपली डोक्यात बसते, धपाटा पाठीत, चापटी गालावर किंवा हातावर. कानशिलात, मुस्काटात आणि थोबाडीत या तिन्ही शब्दांत तर मारण्याचं नावच नाही, फक्त पत्ता आहे. क्रियापद आपलं साधं 'देणे'. या पत्त्यावरून नातं कळतं. पाठीतला धपाटा घरातला असतो. थोबाडीत बसते तेव्हा त्यात अपमान असतो, मग ती कितीही हळू बसो. इंग्रजी भाषांतरात आईच्या धपाट्याचं 'स्लॅप' झालं, की ती आई पोराचा अपमान करणारी बाई होऊन बसते. जोर बरोबर उतरला, माणूस चुकला.

ऑफिसात माझी एक स्पॅनिश सहकारी आहे. तिला हा लाडूचा किस्सा सांगितला, तर ती जेवता जेवता बोटांवर मोजायला लागली. तोर्ता म्हणजे केक, आणि थोबाडीतही. गायेता म्हणजे बिस्किट, आणि थोबाडीतही. लेचे म्हणजे दूध, आणि फटकाही. कास्तान्या म्हणजे चेस्टनट, आणि ठोसाही. पिन्या म्हणजे अननस, आणि अर्जेंटिनात बुक्कीही. जुन्या स्पॅनिशपासून चालत आलेला मोहिकोन हा एक मऊ केक आहे, आणि तोंडावर मारलेला ठोसाही. समोर बसलेला डच सहकारी मागे कसा राहील? त्यांच्याकडे ओरफाइख आहे, म्हणजे शब्दशः कानाचं अंजीर, आणि माउलपेर, म्हणजे थोबाडाचं नासपती. इंग्रजीत बोटांच्या सांध्यांचं सँडविच खायला घालायची धमकी देतातच.

आपल्या ताटातही कमी नाही. धम्मकलाडूच्या जोडीला चापटपोळी असते. कणीक तिंबणे आहे. मी सोलापूरचा, त्यामुळे धपाटे हा शब्द मला पाठीत आणि पानात एकाच वेळी आठवतो. ओल्या फडक्यावर हाताने थापलेले, दह्याबरोबर खायचे ते धपाटे, आणि गृहपाठ न केल्यावर मिळायचे तेही धपाटे. शिवाय मराठीत मार 'खातात'च. इतक्या भाषांना मारायचं म्हटलं की खाऊच आठवतो, हे गमतीचं आहे. पण इथेच भाषांतर करणारा फसतो. दोन्हीकडे खाऊ आहे म्हणजे शब्द जुळला, असं त्याला वाटतं.

याची खरी परीक्षा होते ती ओस्तिया या शब्दाशी. चर्चमध्ये मिस्साच्या वेळी भाविकांना जी पवित्र चकती देतात ती ओस्तिया. बोली स्पॅनिशमध्ये सणसणीत थोबाडीत देण्यालाही ओस्तियाच म्हणतात. मराठी माणसाला लगेच सुचतं, अरे, हा तर आपला प्रसाद! 'मास्तरांनी प्रसाद दिला', 'घरी चल, महाप्रसाद मिळेल.' देवाघरचं दान आणि मार, दोन्हीकडे तेच. कोशात शेजारी ठेवावेत असे हे दोन शब्द.

आणि तरी हे भाषांतर चुकीचं आहे. ओस्तिया ही शिवी आहे. पवित्र वस्तूचं नाव मुद्दाम विटाळून तो शब्द तयार झाला. माझी सहकारी तो आजीसमोर उच्चारणार नाही. प्रसाद मात्र आजीच म्हणते. त्यात देवाचा अपमान नाही. उलट मारालाच पावित्र्य दिलेलं आहे. प्रसाद नाकारता येत नाही, उजव्या हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा, वर 'अजून नको' म्हणायचीही सोय नाही. स्पॅनिश शब्द पवित्र गोष्टीला खाली खेचतो, मराठी शब्द माराला वर चढवतो. म्हणून स्पॅनिश कादंबरीतल्या दारूच्या गुत्त्यातल्या ओस्तियासाठी मी 'कानफटात' किंवा 'थोबाड फोडलं' असं काहीतरी घेईन. पावित्र्य गेलं तरी चालेल, रांगडेपणा राहिला पाहिजे.

मराठीची आणखी एक सवय परक्या भाषेत नेताना दिसते. आपल्याकडे मार 'बसतो', मार 'पडतो', मार 'मिळतो'. 'मला शाळेत मार पडला' हे वाक्य 'काल पाऊस पडला' याच चालीचं आहे. मारणारा वाक्यात नाही. दिलाच तर 'बाबांचा मार', म्हणजे जणू बाबांच्या मालकीची वस्तू. डचमध्ये किंवा इंग्रजीत साधं वाक्य करायला गेलं, की 'कोणी मारलं?' हा प्रश्न पहिल्याच शब्दाला येतो आणि कर्ता लिहावा लागतो. मुलीच्या बाईंना जे ऐकू आलं ते हेच होतं. माझ्या मुलीने लाडूचं भाषांतर केलं तेव्हा तिला कर्ता द्यावा लागला, आणि तो आजी निघाला.

या देशात त्या कर्त्याला कायदा लागू आहे. नेदरलँड्सने 2007 साली दिवाणी कायद्यात बदल करून मुलांना वाढवताना शारीरिक किंवा मानसिक हिंसा वापरायची नाही, असं लिहून ठेवलं. त्याआधी इथेही 'शिस्तीची टिचकी' अशा अर्थाचा एक सौम्य शब्द होता, पेडागोगिशे टिक. तो अजून ऐकू येतो, पण आता कोणी अभिमानाने म्हणत नाही. स्वीडनने तर 1979 मध्येच बंदी आणली होती. भारतात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतला मार बंद केला. घराच्या उंबऱ्याआत तो कायदा शिरत नाही. म्हणजे कायद्याने मारण्याचे सगळे शब्द एका शब्दात बसवले. भाषेच्या माणसाला ही सपाटी खुपते. मलाही खुपली. पण ती कशासाठी आहे, हेही पाहायला हवं.

'श्यामची आई'त पोहायला जायचं टाळणाऱ्या श्यामला आई मारते. तिच्या हातात शिंपटी आहे. इंग्रजीत त्याची काठी केली, तर दांडका डोळ्यांपुढे येतो. 'स्विच' हा शब्द जवळ जातो, कारण शिंपटी ओली आणि लवचीक असते, ती लागते आणि वळ उठवते. साने गुरुजींनी 1935 च्या त्या पुस्तकात इथे लाडू, पोळी, प्रसाद असली मखलाशी केलेली नाही. लागलेलं त्यांनी लागलं म्हणूनच सांगितलं, आणि मगच आईची माया. म्हणून तो प्रसंग आजही पटतो, किंवा खटकतो, दोन्ही प्रामाणिकपणे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये सुनांना होणारी मारहाण आहे, लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त पोलिसांची. तिथे धम्मकलाडू हा शब्द ठेवून पाहा. बसत नाही. 'चौदावं रत्न दाखवलं' हे पोलीस म्हणतो. ज्याच्या पाठीवर ते उमटलं तो असं म्हणत नाही.

माझ्या मते मारण्याच्या शब्दाचं भाषांतर करताना आधी विचारायचं ते एवढंच: हा शब्द कोणाच्या तोंडचा आहे? देणाऱ्याच्या की खाणाऱ्याच्या? लाडू, पोळी, प्रसाद, रत्न हे बहुतेक देणाऱ्यांचे शब्द आहेत. खाणारा ते वापरतो तेव्हा बरीच वर्षं गेलेली असतात, आणि तो हसत असतो. देणाऱ्याचा शब्द खाणाऱ्याच्या वाक्यात गेला, की भाषांतर खोटं पडतं, मग जोर कितीही अचूक असो.

रविवारी आईशी व्हिडिओवर बोलताना शाळेतला प्रकार सांगितला. ती आधी दुखावली. "मी पोरीला कधी बोट तरी लावलंय का रे?"

"नाही गं आई. शब्दाबद्दल विचारत होत्या त्या."

"मग सांगायचं ना, नुसतं बोलायचं असतं ते."

"तेच सांगितलं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मागे तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "तुला मात्र दिले होते."

"हो," मी म्हटलं. "लागायचे."

हे वाक्य मी तिच्याशी मराठीत पहिल्यांदाच बोललो. पुढच्या पालकभेटीत बाईंना सांगायचं उत्तर आता माझ्याकडे आहे: माझ्या मुलीच्या घरात या शब्दात मारत नाहीत. माझ्या लहानपणी मारायचे.