पुताजी बंडगराचें प्रकरण व राजाज्ञेची मर्यादा

मराठी राज्यांत धर्म व राजसत्ता एकच होत्या असें मानणारे आणि त्या सर्वस्वीं भिन्न होत्या असें मानणारे, या दोघांसही पुताजी बंडगराचें प्रकरण आपल्या बाजूचें वाटावें, हें आमच्या मतें अर्धवट वाचनाचें फळ होय.

न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशांवर जो निबंध वाचला, त्यांत हें प्रकरण आलें आहे. पुताजी मोंगलांच्या हातीं सांपडला; त्यास बळानें मुसलमान करण्यांत आलें. वर्षभर तिकडे काढून, बाळाजी विश्वनाथांची फौज दिल्लीहून परतत असतां तो तींत येऊन मिळाला. पुढें त्याच्या विनंतीवरून, जातीच्या संमतीनें, शाहूमहाराजांनीं त्यास जातींत घेण्यास मंजुरी दिली. रानड्यांनीं हा क्रम चोख राखला आहे. मधली पायरी गाळून 'शाहूंनीं शुद्ध करून घेतलें' एवढेंच लिहिलें, कीं राजाच धर्माधिकारी होऊन बसतो! संमति जातीची, मंजुरी राजाची. जातीनें ठरविलेलें पुढें कोणीं मोडूं नये, एवढी हमी त्या मंजुरींत आहे.

आमच्या या मतास बाध आणणारें प्रकरणही सांगणें प्राप्त आहे. प्रभूंच्या आचारांत ब्राह्मणांनीं हात घालूं नये, पूर्वींप्रमाणें चालूं द्यावें, असा बाळाजी बाजीरावांचा निर्बंध होता. नारायणरावांच्या अल्प कारकीर्दींत (१७७२-७३) तो फिरला, व प्रभूंकडून त्यांच्या कर्मांविषयीं करार लिहवून घेण्यांत आला. म्हणजे मर्यादा होती ती वहिवाटीची. धनी बदलतांच ती सरके.

रानड्यांच्या निबंधावर आमचा आक्षेप एकच. त्यांचा आधार सरकारी दप्तराचा. रोजनिशींत सरकारनें काय केलें तें येतें. जातसभेंत कोण बसले, कोण रुसून उठले, तें येत नाहीं. अशा साधनांवरून लिहितांना सरकारचा हात आहे त्याहून लांब दिसावा, यांत नवल नाहीं. दुसरी बाजू क्षेत्रोपाध्यांच्या घरीं, मठांत, पाटलांच्या रुमालांत शोधावयाची. आमचे संग्राहक मित्र शिक्कामोर्तबाचा कागद जिवापाड जपतात, आणि बिनशिक्क्याचें संमतिपत्र पोथीच्या पुठ्ठ्यास लावतात. पुताजीच्या जातीनें कोणत्या अटींवर संमति दिली हें सांगणाऱ्या कागदावर शिक्का असण्याचें कारणच नाहीं.