प्रवासवर्णनांतील दुर्दिन

संस्कृतात ‘दुर्दिन’ या शब्दाचा अर्थ ढगांनी झाकोळलेला दिवस एवढाच आहे. अमरकोशकारांनीही तोच दिला आहे. मराठीत येता येता या शब्दातले ढग विरून गेले आणि नुसता वाईट दिवस तेवढा उरला. आमच्या प्रवासवाङ्मयाचेही काहीसे असेच झाले असावे, अशी शंका आम्हांस पुष्कळ वर्षांपासून आहे. संकटांची वर्णने त्यात आहेत, संकटांवरील चिंतन तर विपुल आहे. परंतु प्रवाशाचे धोतर भिजलेले क्वचितच दिसते. ढग येतात ते बहुधा उपमा देण्यापुरते, आणि उपमा संपली की आकाश निरभ्र होते.

याला एक कारण आमच्या आचारातच आहे. पावसाळ्यात प्रवास करू नये, हा आमचा जुना दंडक होय. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, जैन मुनींचा व आमच्या संन्याशांचा चातुर्मास, ही सारी त्या दंडकाचीच रूपे आहेत. नर्मदेचा परिक्रमावासीदेखील चातुर्मासात एका ठिकाणी मुक्काम करितो. चार महिने जो बसून राहतो त्याच्या लेखणीत चालत्या पावलांचा पाऊस कोठून येणार? अपवाद आहे तो वारकऱ्याचा. तो ज्येष्ठात निघतो आणि आषाढी एकादशीस, म्हणजे इतरांचा चातुर्मास सुरू होतो नेमक्या त्याच दिवशी, पंढरीस पोचतो. पावसाच्या तोंडावर लाखो माणसे उघड्या रस्त्याने चालतात, अशी यात्रा अन्यत्र विरळाच. तरीही या चालण्याचे गद्य आम्हांकडे थोडे आहे. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ हा लेख आम्ही कितीदा तरी शिकविला. पण त्याचे मर्म एकाच वाटेने चालणाऱ्यांच्या वेगवेगळ्या पंगतींत आहे, आणि ते तसेच असणे योग्य होय. चिखल हा त्या लेखाचा विषय नव्हे.

दुसरे कारण वाङ्मयीन आहे, आणि ते आमच्या अगदी शेजारचे आहे. आमचे बोरगाव सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरहून छिंदवाड्यास जाणाऱ्या वाटेवर वसले आहे. रामटेक येथून फार दूर नाही. कालिदासाचा रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. ते मान्य केले तर ‘मेघदूता’तला मेघ जेथून निघाला ती दिशा आम्हांस ओट्यावरून दिसते म्हणावयाची. तेव्हा आमच्या मुलांनी पावसाळी प्रवासाचे पहिले पाठ या काव्यातून घ्यावेत यात नवल नाही. मात्र एक गोष्ट आम्ही शिक्षक विसरतो. ‘मेघदूता’त प्रवासी आहे तो मेघ, आणि मेघाचे पाय ओले होत नाहीत. त्याला नदी अडवीत नाही, उलट तो तिचे पाणी पिऊन पुढे जातो. पाऊस ज्याच्या अंगावर पडतो तो यक्ष तर जागचा हालूही शकत नाही. या काव्यावर पोसलेली आमची निसर्गवर्णने वरून खाली पाहणारी झाली, ती अशी.

कालिदासाला स्वतःला मात्र हे भान होते. उज्जयिनीत रात्री प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांचा प्रसंग पाहा. दाट काळोखात त्यांना वाट दिसत नाही. तेथे यक्ष मेघाला सांगतो की, विजेच्या रेषेने त्यांना जमीन दाखव, पण पाऊस पाडू नको आणि गर्जूही नको, त्या भित्र्या आहेत. येथे क्षणभर कवी आकाशातून उतरून रस्त्यावर उभा राहतो. पाऊल कोठे टाकावे, हा प्रश्न त्याला त्या एका श्लोकात पडला आहे. आमच्या टीकाकारांनी या श्लोकातील शृंगार पुष्कळ उलगडला. त्यातील वाटसरूची अडचण कोणी फारशी पाहिली नाही.

ही अडचण मराठी गद्यात पाहावयाची तर विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्याकडे गेले पाहिजे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरच्या कर्जापायी, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, लुटीत हातचे गमावले, आणि अखेरीस गंगोदकाची कावड घेऊन घरी परतला. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने ही हकीकत लिहून काढली. ती ‘माझा प्रवास’.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. रात्रभर घोडदौड करून आलेली झाशीची राणी तहानेने व्याकूळ झालेली आहे. विष्णुभट पाणी काढून देण्यास पुढे होतो. तुम्ही विद्वान ब्राह्मण, मजसाठी पाणी काढू नका, अशा अर्थाचे बोलून ती स्वतः मातीचे मडके विहिरीत सोडते आणि ओंजळीने पाणी पिते. या प्रसंगाची वाखाणणी राणीच्या थोरवीसाठी होते. आम्ही तो ऋतूच्या दृष्टीने वाचावा असे सुचवितो. बुंदेलखंडातला तो उन्हाळा होता. त्याच दिवसांत, कोंचच्या लढाईत, ह्यू रोजच्या फौजेतली माणसे उन्हाने कोसळली आणि खुद्द सेनापतीलाही उन्हाचा तडाखा बसला, हे इंग्रजी इतिहासांत नमूद आहे. त्या इतिहासांत ऊन ही एक बाब आहे. घायाळांच्या जोडीला आणखी एक रकाना. विष्णुभटाच्या पानावर उन्हाला रकाना नाही. तेथे विहीर आहे, मडके आहे, आणि दोन तळहात आहेत. राणी आणि भिक्षुक यांना त्या काठाशी एका पातळीवर कोणी आणले असेल तर ते तहानेने. दुष्काळी, धगधगत्या हवेतल्या प्रवासाचे इतके नेमके चित्र आम्हांस मराठीत दुसरे आढळले नाही, आणि ते रेखाटणाऱ्याने सूर्याला एकही विशेषण खर्ची घातले नाही.

येथे एक विचित्र योग सांगण्याजोगा आहे. वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध केले ते भाषा सुधारून आणि मजकूर पुष्कळ बदलून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने १९६६ साली बाहेर आली. मधली जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्राने विष्णुभट वाचला तो दुसऱ्याच्या शाईतून. वैद्यांवर राग धरण्याचे कारण नाही. त्यांनी लिहिण्याचा आग्रह धरला नसता तर हे पुस्तकच नसते, आणि त्या काळी भिक्षुकाचे ओबडधोबड गद्य छापणे त्यांना अप्रशस्त वाटले असेल. परंतु दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. मूळ वाक्य धापा टाकीत येते, मध्येच भूक सांगते, मध्येच दक्षिणेचा हिशेब सांगते. सुधारलेले वाक्य विसावा घेतलेल्या माणसाचे आहे.

विष्णुभटानंतर पंडिता रमाबाईंकडे वळावे. आनंदीबाई जोशी यांच्या ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभासाठी त्या लिव्हरपूलहून फिलाडेल्फियास निघाल्या त्या ऐन हिवाळ्यात, लहान मनोरमेला बरोबर घेऊन. १८८९ साली निघालेल्या त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकाचा आरंभच या अटलांटिक सफरीने होतो. तेथेही खवळलेला समुद्र शोभेसाठी आलेला नाही. मुलीला घेऊन तो पार करावयाचा आहे. पुढील काळात प्रवासवर्णन हा सुस्थितांचा वाङ्मयप्रकार झाला. अनंत काणेकर यांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाच्या नावातच धुके आहे, पण ते हवेपेक्षा विचारांचे. नंतरच्या परदेशवर्णनांत लंडनची हवा विनोदाला मिळाली. त्यांतील कित्येक पुस्तके आम्हांस प्रिय आहेत. त्यांच्या लेखकांना मुक्कामी कोरडी खोली मिळणार याची खात्री मात्र वाचकाला पहिल्या पानापासून असते.

जपानचा बाशो १६८९ साली उत्तरेकडे पायी निघाला. एका नाक्याजवळ पावसाने त्याला तीन दिवस पहारेकऱ्याच्या घरात अडकवून ठेविले. घरात पिसवा होत्या आणि शेजारी घोडा. हे तीनही दिवस तो कोठे गेला नाही, आणि त्याच्या प्रवासग्रंथातील ते स्थळ सहसा कोणी विसरत नाही. या गोष्टीने आम्हांस आमच्या एका अपराधाची आठवण होते, आणि खरे पाहता हा लेख त्यासाठीच लिहावयास घेतला.

आमच्याकडील मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात. मराठीचा तास थोडा, म्हणून त्यात भाषा ‘शुद्ध’ करून घ्यावी, असा आमचा हट्ट असे. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गास आम्ही ‘वादळी हवेतील अविस्मरणीय प्रवास’ हा निबंध घातला. बहुतेकांनी सौदामिनी चमकविली, वरुणराजाला कोपविले आणि शेवटी घरी सुखरूप पोचले. त्यांना आम्ही सात-आठ गुण दिले. एका मुलाने लिहिले की, चार दिवस झड होती, आजीला दवाखान्यात न्यावयाचे होते, बंडी जुंपली, आजीवर खताच्या पोत्याची खोळ घातली, आणि नाल्याच्या रपट्याशी येऊन थांबलो. वडील उतरून पाणी पाहात बसले. पाण्यातला गोटा दिसला नाही. रात्री परत आलो. दुसऱ्या दिवशी गोटा दिसला, मग गेलो. एवढाच निबंध, दीड पान.

आम्ही ‘झड’ खोडून ‘मुसळधार पाऊस’ केले. वस्तुतः मुसळधार निराळा आणि झड निराळी; मुसळधार तासाभरात सरतो, झड दिवसचे दिवस बारीक लागून राहते आणि नाले फुगतात ते तिच्याने. ‘गोटा’ खोडून ‘पाषाण’ केले. ज्या मुलखात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, तेथे आम्ही हा शब्द खोडला! खाली तांबड्या शाईने शेरा मारला : ‘प्रवास झालाच नाही. विषयास सोडून.’ दहापैकी चार गुण.

पुढे दोन वर्षांनी, श्रावणात, सौसरहून परतताना आम्ही त्याच रपट्याशी अडकलो. पाणी फार वाटत नव्हते. गुडघाभर असेल असे समजून आम्ही मोटारसायकल पुढे घातली. काठावर बसलेल्या एका शेतकऱ्याने हात आडवा केला. “गुर्जी, गोटा दिसू द्या, मंग निघा.” आम्ही त्याच्या शेजारी बसलो. गोटा दिसावयास संध्याकाळचे साडेपाच वाजले.