कोनशिलेचे वाचन : अलेक्झांड्रियाच्या वॉशिंग्टन स्मारक-संग्रहालयाच्या संदर्भात

इतिहास-संग्रहालयात मांडलेल्या वस्तूंची चिकित्सा होते. वास्तूच्या कोनशिलेची सहसा होत नाही. ती प्रदर्शनाबाहेर असते, म्हणून समीक्षेबाहेरही राहते. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे फ्रीमेसन या बंधुसंघाने उभारलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन स्मारक-संग्रहालयाची कोनशिला एक संहिता म्हणून वाचण्याचा प्रयत्न प्रस्तुत टिपणात केला आहे.

या संग्रहालयाचे मूळ एका आगीत आहे. वॉशिंग्टन ज्या स्थानिक लॉजचे प्रमुख होते, त्या लॉजने जपलेल्या त्यांच्या अनेक वस्तू १८७१ साली नगरभवनाला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांसाठी सुरक्षित वास्तू हवी होती. १९१० मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली आणि १९३२ मध्ये वास्तूचे लोकार्पण झाले. अर्थात काही काचपेट्यांसाठी ३३३ फुटांचा मनोरा लागत नाही. येथे जतनाच्या गरजेचे रूपांतर गौरवाच्या आकांक्षेत झालेले दिसते, आणि त्या रूपांतराचा क्षण म्हणजे १ नोव्हेंबर १९२३ रोजीचा कोनशिला-समारंभ होय.

समारंभास राष्ट्राध्यक्ष कूलिज उपस्थित होते. ते स्वतः मेसन नव्हते. माजी राष्ट्राध्यक्ष व तत्कालीन सरन्यायाधीश टॅफ्ट मात्र होते. खासगी संघाच्या विधीला राज्यसंस्थेची साक्ष मिळाली. परंतु विधीचे खरे अधिष्ठान होते एक चांदीची थापी. १८ सप्टेंबर १७९३ रोजी वॉशिंग्टन यांनी संसदभवनाची कोनशिला बसविताना वापरलेली थापी येथे पुन्हा हाती घेण्यात आली. गंमत अशी की, १७९३ ची ती शिला व तिच्याखालचा चांदीचा पत्रा यांचा निश्चित ठावठिकाणा आजवर लागलेला नाही. शिला हरवली, अवजार उरले. आणि त्या अवजारानेच नव्या शिलेला वंशावळ दिली. इतिहासाच्या पुराव्यापेक्षा अवशेषाच्या पावित्र्यावर येथे अधिक भिस्त आहे, असे म्हणणे भाग आहे.

मेसन विधीत कोनशिला गुण्या, पाणसळ व ओळंबा यांनी तपासली जाते. तिच्यावर धान्य, मद्य व तेल अर्पण होते. पाणसळ हे त्यांच्या परिभाषेत समतेचे प्रतीक. नेमके येथेच संहितेतील मौन जाणवते. संसदभवनासाठी अ‍ॅक्विया खाणींतून वालुकाश्म काढणाऱ्यांत गुलाम मजूर होते. वॉशिंग्टन स्वतः गुलामांचे मालक होते. बॉस्टनमध्ये १७७५ साली प्रिन्स हॉल व त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी मेसन दीक्षा घेतली. तरीही त्यांच्या परंपरेतील लॉजना गोऱ्या संघांनी दीर्घकाळ मान्यता नाकारली. १९२३ च्या व्हर्जिनियात वर्णविभाजन तर कायद्यानेच रूढ होते.

हे मौन केवळ त्या काळाचे म्हणून सोडून देता येणार नाही. बंधुसंघ स्वतःच संग्रहालयाचा संस्थापक आणि विषयही असतो, तेव्हा कोणती वस्तू पुरावा व कोणती पूज्य, हे तोच ठरवितो. त्यामुळे थापीचे वर्णन करताना वॉशिंग्टन यांच्या हाताबरोबर अ‍ॅक्वियाच्या खाणीचाही उल्लेख अपेक्षिणे अवाजवी ठरू नये.